पांढऱ्या चिंधीचा माल

हर्सूलच्या तलावावरून येणारा वारा एप्रिलमध्ये कुणाच्या उपयोगाचा नसतो. तलाव आटत आलेला असतो आणि वारा नुसती धूळ घेऊन येतो. रत्नमालाच्या शेडमध्ये मात्र तो एका अंगाने तापलेला शिरतो आणि दुसऱ्या अंगाने गार होऊन बाहेर पडतो, कारण मधे कूलरचे पॅड ओले करून टांगलेले असतात. नवा पॅड पाणी नीट पितो की नाही, ते बघण्याची ही तिथली रीत. रस्त्याने जाणारी माणसं त्या गार बाजूला जरा रेंगाळतात, चेहरा पुसतात आणि पुढे जातात. रत्नमाला कुणाला हटकत नाही.

तिचं वय चाळिशीच्या पुढे. बोलणं कमी, चालणं भरभर. कुणी काही सांगायला लागलं की ती हातातलं काम थांबवते आणि ऐकून झाल्यावरच पुन्हा हात चालवते. ही सवय तिला पहिल्यापासून नव्हती. ती लागली मागच्या उन्हाळ्यात. त्याआधी बरीच वर्षं तिच्या शेडमध्ये कुणी काही सांगतच नव्हतं.

धंदा वडिलांचा. सांडू तरुणपणी सायकलवर हत्यारांची पिशवी लावून शहरभर कूलर दुरुस्त करत फिरायचे. पुढे त्यांनी स्वतःच पॅड बनवायला घेतले. लाकडाच्या कुरळ्या, केसांसारख्या तारांचं गवत पिंजायचं, नायलॉनच्या जाळीत सारखं पसरायचं आणि कडा शिवायच्या. दिसायला सोपं काम. पण गवत कुठे दाट आणि कुठे विरळ पडलं, की पाणी विरळ जागेतून नुसतं वाहून जातं आणि कूलर गरम वारा फेकत राहतो. एका वर्षी गुलमंडीच्या एका दुकानदाराने टेम्पोभर माल परत पाठवला. तो कुणाच्या हातचा, हे कुणीच कबूल केलं नाही. तेव्हा सांडूंनी नियम केला. प्रत्येक बाईने आपल्या रंगाची चिंधी पॅडच्या कोपऱ्यात बांधायची. केसरबाईची लाल, बानाबाईची पिवळी, आशाबाईची हिरवी, असे रंग ठरले. माल परत आला की चिंधी बघायची आणि जिची असेल तिला सगळ्यांसमोर उभं करायचं. माल परत येणं जवळजवळ थांबलं. सांडू आजही हे अभिमानाने सांगतात, आणि त्यात खोटं काही नाही.

रत्नमाला बारावीनंतर चिकलठाण्याच्या एका कंपनीत पॅकिंगच्या कामाला होती. तिथे गेटजवळ 'सूचना पेटी' लावलेली होती. नवी नवी असताना तिने पेटीत एक चिठ्ठी टाकली. चिकटपट्टीचा स्टँड डावीकडे ठेवला तर हात आडवे जाणार नाहीत, एवढंच तिचं म्हणणं होतं. पुढे कळलं की पेटीची किल्ली कधीचीच हरवली आहे. दर दिवाळीला पेटीला रंग मात्र लावत. वडिलांचे गुडघे गेले तेव्हा ती नोकरी सोडून शेडवर आली. नवरा सिटी बस चालवतो. घरात एक पगार नियमाने येतो म्हणून आपल्याला हे धाडस करता आलं, असं ती मोकळेपणाने सांगते.

मागच्या वर्षी मार्च उजाडला आणि शेड निम्मी रिकामीच राहिली. दुकानदार सांगू लागले की गवत आता कुणी मागत नाही. कंपन्यांचे कागदी पॅड आलेत, मधाच्या पोळ्यासारखे भोकाभोकांचे. ते जास्त टिकतात आणि घरात कचरा पाडत नाहीत. शेडचे मालक काकासाहेब शेजारच्याच वस्तीचे, गोठा आणि थोडी जमीन असलेले गृहस्थ. त्यांना प्लायवूडचं गोदाम करायला जागा शोधणारा एक माणूस भेटला होता.

"ताई, मी तुमाला काढीत नाय," ते दारातच उभे राहून म्हणाले. "पण पोर्णिमेपर्यंत सांगा, ठेवणार का सोडणार. त्यो माणूस रोज फोन करायलाय."

"कोणती पोर्णिमा?" केसरबाईने गवत पिंजता पिंजता विचारलं.

"बुद्धपौर्णिमा."

"व्हय, आमच्याच सणाला आमाला बाहेर काढा."

काकासाहेब ओशाळून हसले, पण तारीख त्यांनी मागे घेतली नाही.

शेड गेली तर बायांचं काम जाणार होतं. केसरबाई साठीला आलेली, तिला दुसरीकडे कुणी उभं केलं नसतं. रत्नमालाने दुपारच्या जेवणाला सगळ्यांना गोल बसवलं आणि सरळ विचारलं. या हातांनी आणखी काय बनवता येईल? गवत आहे, जाळी आहे, शिवण आहे. डोक्यात काही असेल तर सांगा. जिचं चालेल तिला पैठणी.

"खरी का छापील?" केसरबाई म्हणाली.

"खरी."

"पैठणला जाऊन आमच्यासमोर घेशील का?"

सगळ्या हसल्या. हसणं ओसरल्यावर कुणीच काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही आणि त्या आठवड्यातही नाही. लग्नं, नळाचं पाणी, कुणाची सून कशी, यावर दिवसभर न थकणाऱ्या या बाया कामाचं विचारलं की ताटात बघायच्या. "तू मालकीण, रत्ना," केसरबाई शेवटी म्हणाली. "तूच ठरीव. आमी शिवू." रत्नमालाला राग यायचा, पण तो कुणावर काढावा ते कळायचं नाही.

एप्रिलच्या मध्यावर एका दुपारी आवडाबाई तरातरा शेडमध्ये आली. हर्सूलच्या कोपऱ्यावर तिची पालेभाजीची हातगाडी असते. तिने एक डालं धाडकन खाली टाकलं. डालं म्हणजे कोंबडीची पिल्लं झाकायची बांबूची मोठी टोपली. या डाल्यावर बाहेरून कूलरच्या गवताचा पॅड शिवलेला होता आणि माथ्यावर जुन्या घोंगडीचा एक जाड तुकडा.

"ह्ये तुमच्याकडचं हाय ना?" ती म्हणाली. "मंग हुंगून बघा. माझ्या मेथीला मेंढराचा वास यायलाय. गिऱ्हाईक म्हणतंय, आवडाबाई, मेथी इकतीस का मटण?"

सांडू, बायांचे दादा, सकाळपासून दुपारपर्यंत शेडमध्ये खुर्ची टाकून बसतात. त्यांनी ते डालं गुडघ्यावर ओढून घेतलं आणि कडेकडेने बोटं फिरवून चिंधी शोधली. चिंधी नव्हती.

"बिगर चिंधीचा माल शेडमधून गेला कसा?" त्यांनी सगळ्यांकडे बघत विचारलं. "कुणाचं हाय ह्ये?"

कुणी मान वर केली नाही. बानाबाईची सुई तेवढी जोरात चालायला लागली. तिचा नवरा मुंजाबा पिशोरकडच्या माळांवर मेंढरं घेऊन फिरतो, आणि ती हर्सूलला खोली करून मजुरी करते. घरच्या मेंढरांच्या लोकरीची घोंगडी त्या शेडमधल्या एकाच घरात असणार, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. रत्नमालालाही. वडिलांसारखंच एक वाक्य तिच्या ओठांवर आलं होतं. ते तिने गिळलं आणि आवडाबाईकडे वळली.

"वास आला ते कळलं. पण सुकली का?"

"काय?"

"मेथी. दुपारी सुकली का?"

आवडाबाई भांडायला आली होती, तिला हा प्रश्न आवडला नाही. "नाय," ती म्हणाली. "ते खरं सांगाय पायजे. रोज मी दिसभर पाणी मारती तरी जुडी मान टाकती. काल संध्याकाळपर्यंत ताठ व्हती. कोथमीर पण."

"मला वास येत नाय, ताई," बानाबाई खाली बघूनच बोलली. "द्यायच्या आदी म्या हुंगलं व्हतं. लई बारीक हुंगलं. मला खरंच काय वास आला नाय."

केसरबाईला हसू फुटलं, आणि तिच्यामागून सगळ्यांना, अगदी आवडाबाईलाही. मेंढरांत जन्मलेली, मेंढरांत नांदलेली बाई. तो वास तिच्यासाठी घराचाच वास होता, आणि स्वतःच्या घराचा वास कुणाला येतो?

हळूहळू बानाबाईने सांगितलं. रानात मेंढरांचा वाडा, म्हणजे मुक्काम, पडलेला असताना उन्हाळ्यात कोकरू जन्मलं, तर ते डाल्याखाली ठेवायचं आणि वर ओली घोंगडी टाकायची. घोंगडी पाणी धरून ठेवते, लवकर सोडत नाही. वारा आला की आत गार होतं. आवडाबाई तिची शेजारीण. रोज संध्याकाळी ती उरलेली, मलूल झालेली भाजी ओट्यावर टाकते ते बानाबाईला बघवेना. म्हणून झाडलोटीत निघालेलं गवत घरी नेऊन तिने हे शिवलं.

"मग मला का नाही सांगितलंस?" रत्नमालाने विचारलं. "चिंधी का नाही बांधलीस?"

"बांधली असती अन् फसलं असतं, तर दादांनी उभं केलं असतं," बानाबाई म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. उन्हात चप्पल घालावी लागते, तितक्या साधेपणाने ती बोलली. सांडूंनी चष्मा काढून धोतराने पुसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रत्नमाला घरून एक जुनी पांढरी साडी घेऊन आली. तिने साडीच्या चिंध्या फाडल्या आणि जुडी करून दाराजवळच्या खांबाला बांधली.

"मालकिणीला आजवर रंग नव्हता," ती म्हणाली. "हा माझा. जे आपण आधी कधीच बनवलेलं नाही, त्याला ही चिंधी लावायची. सडलं, फाटलं, वास आला, परत आलं, तर ते माझ्या नावावर. कुणी शिवलं ते कुणी विचारायचं नाही. बाबांनीही नाही. पैठणी रद्द."

"पैठणी का रद्द?" केसरबाई दुखावली.

सांडूंचा आक्षेप वेगळा होता. "उद्या ह्या बिघडलेला माल पांढऱ्यात खपवतील," ते म्हणाले. "जिथं नाव नाय, तिथं हात सैल पडतो. मी भोगलंय ते."

"म्हणून रोजच्या मालाला रोजचाच रंग राहील," रत्नमाला म्हणाली. "पांढरी फक्त नव्याला."

सांडूंचं म्हणणं अगदीच चुकीचं निघालं नाही. तिसऱ्याच दिवशी एका साध्या, वेड्यावाकड्या शिवणीच्या पॅडला पांढरी चिंधी सापडली. आधीच्या लाल चिंधीचा धागा विसरून राहिला होता म्हणून केसरबाई पकडली गेली. "नवीन पद्धतीची शिवण हाय ती," तिने सांगून बघितलं. रत्नमालाने तो पॅड तिच्याकडूनच उसवून घेतला, चिंधीसकट. पण पांढऱ्या चिंध्यांची जुडी खांबावरून काढली नाही.

मग सुरू झाले ते दिवस रत्नमाला अजून आठवून हसते. घोंगडीऐवजी गोणपाट लावून बघितलं, तर ते दोन दिवसांत कुजकट घाण मारायला लागलं. नुसतं गवत ठेवलं तर तासाभरात कोरडं. केसरबाईने जुन्या सुती लुगड्याच्या घड्या घालून गोधडीसारख्या टाचल्या आणि ती पट्टी माथ्यावर बसवली. त्या पट्टीने पाणी धरलं आणि वासही दिला नाही. केसरबाई त्या दिवशी चहा प्यायलाही उठली नाही, पट्टीकडेच बघत बसली.

माल तपासायला आवडाबाई होती, आणि तिच्या जिभेला हाड नव्हतं. "झाकलेली भाजी कोण घेतं, गं?" ती म्हणायची. "डालं उचलून दाखवावं लागतंय. लोकांना वाटतंय खाली मढं हाय." मग डालं अर्धं कापलं. बैलगाडीच्या कमानदार तट्ट्यासारखा आकार झाला, वाऱ्याकडे पाठ आणि गिऱ्हाइकाकडे तोंड. वारा पाठीतून शिरायचा आणि भाजीवरून गार होऊन जायचा. पंखा नाही, वीज नाही. पण पहिल्याच वावटळीला तो तट्ट्या उडून रस्त्यावर गेला आणि एका रिक्षाखाली सापडला. आवडाबाईने चुरा झालेला बांबू पदरात भरून आणला. "तुमचं विमान घ्या," ती म्हणाली.

त्यावर सांडू खुर्चीवरून उठले. कुणाशी काही न बोलता ते मागच्या अडगळीत गेले आणि भंगारातल्या कूलरच्या लोखंडी पट्ट्या ओढून आणल्या. गुडघ्यांनी बसवत नव्हतं, म्हणून उभ्यानेच त्यांनी हातोडीने पट्ट्या वाकवल्या. संध्याकाळपर्यंत बांबूच्या जागी हातगाडीच्या कडेला अडकेल असा लोखंडी सांगाडा तयार झाला. शेवटी त्यांनी स्वतःच खांबाजवळ जाऊन एक पांढरी चिंधी सोडवून घेतली.

रत्नमालाची स्वतःची परीक्षा एका साध्याच सकाळी झाली. जाळीचा नवा रोल आला होता. बानाबाईने तट्ट्याच्या मापाने कापताना तो उभा कापायच्या ऐवजी आडवा कापला, थेट मधोमध. रोजच्या पॅडला आता त्याचा उपयोग नव्हता. रत्नमालाचं तोंड उघडलं. सगळ्यांच्या सुया थांबल्या. बानाबाई कात्री धरून उभी राहिली, दोन्ही पाय जुळवून, जशी माल परत आल्यावर उभं राहायची रीत होती तशी. रत्नमाला माठाकडे गेली. तिने तांब्याभर पाणी सावकाश पिऊन संपवलं आणि परत आली.

"आता ह्याच्यातून काय काय निघतं ते बघू," ती म्हणाली.

तुकडे निघाले त्यांच्या लहान पिशव्या झाल्या, आणि त्या लिंबू-मिरचीवाल्या बाईने नेल्या. पण रत्नमालाच्या लेखी त्या दिवशी खरं घडलं ते जेवणानंतर. आशाबाई, जी वर्षानुवर्षं हिरवी चिंधी बांधून खाली मान घालून शिवायची, ती जवळ येऊन उभी राहिली. पॅडची कड आपण बाहेरून शिवतो, ती आतून दुमडून शिवली तर गवत गळणार नाही, असं तिचं म्हणणं होतं. घरात कचरा पडतो म्हणून तर दुकानदार आपला माल नको म्हणतात ना.

रत्नमालाने हातातलं काम ठेवलं. "हे तुला कधी सुचलं?"

"दोन वर्सं झाली आसंल."

"मग बोलली का नाहीस? मी विचारलं होतं ना सगळ्यांना."

आशाबाई लाजली. "तुमी पैठणीचं नाव काढलं, ताई. मला वाटलं, येवढ्याशा गोष्टीला कोण पैठणी देतंय. काय तरी मोठंच सांगावं लागंल."

आतून दुमडलेली कड त्याच आठवड्यात सगळ्या मालाला लागली. दोन जुने दुकानदार परत आले, पहिल्याइतके नाही, पण आले. आवडाबाईच्या गाडीवरचा तट्ट्या बघून जाधववाडीच्या बाजारातल्या भाजीवाल्या चौकशी करत शेडपर्यंत येऊ लागल्या. फळवाल्यांनी मात्र नाकारला. टरबूज गार दिसलं की लोक त्याला कालचं समजतात, असं त्यांचं म्हणणं. त्यावर केसरबाई अजून विचार करते आहे.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी काकासाहेब आले. शेडमध्ये बसायला जागा नव्हती. तीन भाजीवाल्या आपापल्या गाडीचं माप हातवारे करून सांगत होत्या आणि सांडू त्यांना एकेक करून बोला म्हणून दटावत होते. काकासाहेब गवताच्या गठ्ठ्यावर टेकले.

"मंग ताई?"

"ठेवणार," रत्नमाला म्हणाली.

"ह्या टोप्यांच्या जिवावर?" ते चेष्टा करत नव्हते, त्यांना खरंच काळजी वाटत होती. "अजून महिनाभर ऊन हाय. मंग आभाळ आलं की कोण घेणार? पावसाळ्यात काय बनवणार तुमी?"

"ते अजून माहीत नाही."

"माहीत नाय, अन् शेड ठेवणार."

रत्नमालाच्या पाठीमागून आशाबाई म्हणाली की पावसाळ्यात शाळेच्या पोरांचे बूट वाळत नाहीत, आणि गवत ओल ओढून घेतं. केसरबाईने तिला मधेच तोडलं. बुटापेक्षा धान्याच्या कोठीत ओल लई धरते, आधी तिचं बघा. बानाबाईचं म्हणणं पडलं की शेळ्यांच्या पायाखाली कोरडं अंथरूण मिळालं तर लोक पाहिजे तेवढं घेतील. आशाबाईने शेळ्यांना नाक मुरडलं. बघता बघता भांडण लागलं आणि भाजीवाल्यांनीही त्यात तोंड घातलं. काकासाहेब या चेहऱ्यावरून त्या चेहऱ्याकडे बघत राहिले. भाडं ठरवायला आलेला माणूस कुणाला दिसतच नव्हता.

"ऐका," ते शेवटी आवाज चढवून म्हणाले. "माझ्या गोठ्याला मावळतीकडून झळ लागती. दुपारच्याला म्हैस पान्हा चोरती. तिथल्या खिडकीला तुमचं ह्ये गवत बसंल का?"

"बघा, काढायला आले अन् गिऱ्हाईक व्हऊन बसले," केसरबाई म्हणाली.

"मोठी हाय का खिडकी?" बानाबाईने विचारलं. "म्हशीचं शिंग लागतं का तिथवर?"

"ते काय म्या मोजलं नाय, बाई."

"मंग बघाय पायजे. शिंग लागलं तर जाळी टिकायची नाय."

तिने मापाची दोरी कमरेला खोचली आणि रत्नमालाकडे पाहिलं. दुपारचं काम अर्धं पडलं होतं. रत्नमालाने मानेनेच जा म्हटलं.

दोघं शेडबाहेर पडली. काकासाहेब पुढे, बानाबाई मागे, तिचं शिंगांबद्दल विचारणं चालूच. रस्त्याच्या कडेला पोचेपर्यंत काकासाहेबांचा फोन वाजला.

"नाय हो," ते चालता चालता कुणाला तरी सांगत होते. "दुसरीकडं बघा तुमी. शेड रिकामी नाय."